मोटारीचा साबण आणि मायची विटकर

नागपुरातल्या आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी मोटारी धुतल्या जातात आणि त्या कशाने धुवाव्यात यावर वाद होतो. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर म्हणतात, भांड्यांचं लिक्विड मोटारीला लावणं हा गुन्हा आहे; त्याने मळाबरोबर रंगावरची चमकही जाते, मोटारीचा शांपू वेगळा मिळतो, तोच आणावा. चौथ्या मजल्यावरचा मुलगा म्हणतो, काका, फेस तो फेस. दोघेही तसूभर हलत नाहीत. आमच्या घरात धर्म बदलायला एक संध्याकाळ पुरली होती. इथे साबण बदलायला वर्ष पुरत नाही. मी खाली बाकावर ऊन खात बसलेली असते. वयाचा मान म्हणून कधी कधी मलाही विचारतात, "आजी, तुमचं काय मत?" मी सांगते की माझ्या डोळ्यांदेखत एक मोटार भांड्यांसारखी घासली गेली आहे, त्यामुळे या बाबतीत माझं मत निःपक्षपाती धरू नये. म्हातारी गंमत करते असं समजून ते हसतात आणि पुन्हा भांडू लागतात.

ती मोटार वणीतली. आमची नव्हती, हे आधीच सांगून टाकते. आमच्या मालकीची चाकं म्हणजे बाबांच्या सायकलची. बाबा तिथल्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. हंगाम सुरू झाला की जिनाची घरघर दिवसभर आमच्या दोन खोल्यांत मुक्कामाला असे. ती मध्येच थांबली की माय हातातली भाकर तव्यावर तशीच ठेवून दाराकडे पाही, कारण यंत्र बंद पडलं म्हणजे बाबांना घरी यायला उशीर. आवाजाबरोबर रुई येई. बारीक, दिसेल न दिसेल असा तंतू. वाळत घातलेल्या लुगड्यावर, पाण्याच्या गुंडावर झाकलेल्या फडक्यावर, अंबाडीच्या भाजीत, सगळीकडे. बाबा कामावरून आले की त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत आणि आम्ही दोघी बहिणी, मी आणि शांताताई, "आजोबा आले, आजोबा आले" म्हणून ओरडत असू. थंडीत तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आणि ज्वारीची भाकर हे आमचं रात्रीचं जेवण. वर जवसाची चटणी. तिच्यात रुई गेली तरी कळत नसे, हा त्या चटणीचा मोठा गुण.

घरात सगळ्यात श्रीमंत दिसणारी वस्तू म्हणजे मायचे पितळेचे गुंड. गुंड म्हणजे आमच्याकडचा पाणी भरायचा पितळी हंडा. रोजची भांडी जर्मनची, ती राखेने घासली जात. गुंडांचा थाट वेगळा. त्यांच्यासाठी जुन्या विटांचा भुगा माय पाट्यावर बारीक करी, फडक्यातून चाळून घेई, चिंचेच्या कोळात कालवी आणि अंबाडीच्या काथ्याच्या बोळ्याने घासायला बसे. याला आमच्यात 'विटकर लावणं' म्हणत. गुंड असे लखलखत की दारातून जाणाऱ्याला त्यात आपलं तोंड दिसावं. जाणारा अर्थातच थांबत नसे. आमच्या घरचं पाणी वस्तीबाहेरचं कोणी पीत नव्हतं. मी लहानपणी मायला विचारलं होतं, कोणी पीतच नाही तर एवढं घासायचं कशाला? माय म्हणाली, "म्हूनच." या एका शब्दावर मी पुढे बरीच पुस्तकं वाचली. त्यांतल्या जाड पुस्तकांत याहून फार जास्त काही निघालं नाही.

आम्ही बौद्ध झालो तेव्हा कोनाड्यातले देव गेले आणि तिथे बुद्धाची लहानशी मूर्ती आली. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी गेल्या. एक म्हणजे डफडं. अख्ख्या गावाची लग्नं आमच्या माणसांनी वाजवली होती. ते सगळ्यांनी एका बैठकीत सोडलं. त्यामुळे गावाला वाजवणारे बाहेरून आणावे लागले आणि आमच्या स्वतःच्या लग्नांत वाद्यच उरलं नाही. दुसरा गेला तो मुहूर्त. शांताताईचं लग्न ठरलं ते चांद्याच्या मधुकररावांशी. ते शाळामास्तर होते आणि त्यांना सुट्टी नाताळात. बाबांनी पंचांग न पाहता कॅलेंडर पाहिलं आणि लग्न पौषात धरलं. पौषात कोणी लग्न करत नाही. आम्ही ते करतोय हे कळल्यावर बाजारातल्या लोकांनी आमच्या धर्मांतराची जेवढी दखल घेतली नव्हती तेवढी घेतली. पौष म्हणजे जिनाचा ऐन हंगाम, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही. बाबांच्याही नाही, आणि ते तर रोज रुई अंगावर घेऊन येत होते.

आता रस्त्याबद्दल सांगायला हवं. चांद्याकडून येणारा माणूस नाक्यावर उतरला की जिनाच्या रस्त्याने येई, आणि जिन संपल्यावर रस्त्याला दोन फाटे फुटत. एक बाजारातून सरळ आमच्या वस्तीपर्यंत जाई. दुसरा नाल्याच्या काठाकाठाने, गावाला वळसा घालून. एरवी आम्ही दोन्ही रस्त्यांनी जात असू. वरात मात्र नाल्याकडून. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, कोणी सांगतही नव्हतं. आमच्या आजोबांची वरात तिकडून गेली, बाबांची गेली, म्हणून सगळ्यांच्या गेल्या. बाजाराच्या मधोमध गुलाबशेठ आडत्यांची गादी होती. कापसाचा सगळा व्यवहार त्यांच्या हातून जाई. ते कधी कोणाला ओरडले असतील असं मला आठवत नाही. चष्म्यावरून नुसते पाहत. तेवढ्याने माणसं रस्ता बदलत. बाबांनी ठरवलं होतं की जावई बाजाररस्त्याने येईल. त्यांनी हे एकदाच म्हटलं, तेही जेवताना, आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. बाबा एखादी गोष्ट दोनदा बोलले म्हणजे तिचं गांभीर्य कमी झालं समजावं.

मोटारीची कल्पना दौलतमामाची. दौलतमामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ आणि वस्तीतल्या मंडळाचा सेक्रेटरी. त्याला 'बंधूंनो आणि भगिनींनो' म्हटल्याशिवाय पिण्याचं पाणीही मागता येत नसे. तो म्हणाला, नवरदेव पायी आला तर लोक म्हणतील बाजार करायला आला. घोडा कोणी देणार नाही आणि घोड्यावर कोणी बसायचं याबद्दल गावाची मतं जुनी आहेत. पण मोटारीवर कोणाच्या आजोबाचा हक्क नाही. मोटार आणा, काळी, लांब, चकचकीत. ती बाजारातून जाईल तेव्हा इतिहास घडेल. मामाच्या तोंडून इतिहास बराच घडत असे. तरी घोड्याबद्दल तो बोलला ते खरं होतं, आणि मला अजूनही ते त्याचं सगळ्यात चांगलं वाक्य वाटतं.

वणीत तेव्हा मोटारी मोजक्या. त्यांतली एक जिनाच्या मॅनेजरांची. मॅनेजर मुंबईकडचे, आमच्या गावात कोणाची वरात कुठून जाते याची त्यांना माहिती नव्हती आणि ती करून घ्यायची त्यांना हौसही नव्हती. मोटार बिघडली की बाबाच दुरुस्त करत, आणि करता करता चालवायलाही शिकले होते. बाबांनी विचारलं आणि मॅनेजरांनी हो म्हटलं, इतकं ते सोपं निघालं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बाबा मोटार घेऊन वस्तीत आले तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. मागच्या सीटवर एक पिवळं मऊ फडकं आणि एक गोल डबा होता. डबा कोरा होता, झाकणावरचा कागद फाटलेला नव्हता. तो मोटार धुवायचा खास साबण, मुंबईहून आणलेला. मॅनेजरांनी बाबांना बजावलं होतं, "धुवायची झाली तर यानेच धुवा, दुसरं काही लावू नका."

कोणालाही वाटेल की यात न समजण्यासारखं काही नाही. पण बाबांच्या हिशेबी लोकाची वस्तू म्हणजे आणली तशी परत करायची. आणि डबा फोडला तर तो आणला तसा राहत नाही. सकाळी पाळीवर जाताना ते मायला म्हणाले, "मोटार नुसत्या पाण्यानं धुवजा. डब्याले हात लावू नका. साहेबाचा आहे, भरलेला आणला, भरलेला जाईन." पुढे मी वाचनालयात नोकरी केली तेव्हा मला पुस्तकं नवीकोरी परत करणारे वाचक भेटले. एक पान दुमडलेलं नाही, डाग नाही. त्यांनी ती उघडलेलीच नसत. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही.

तर सकाळी वस्तीतल्या पाचसहा बायका लुगड्याचे काष्टे खोचून मोटारीभोवती उभ्या राहिल्या. विहिरीवरून पाणी आलं. नुसत्या पाण्याने मोटारीवरची धूळ आणि जिनाचं तेल एक झालं आणि काळ्यावर राखाडी ओघळ आले.

"नुसत्या पाण्यानं धुवा म्हने," माय म्हणाली. "नुसत्या पाण्यानं खरकटं निघते काय व कौसल्या?"

कौसल्यामावशी शेजारची. तिला बाबांबद्दल आदर होता, पण एकूण पुरुषांबद्दल नव्हता. "मानसायले काय समजते घासनं," ती म्हणाली. "भाकर खाल्ली, ताट सरकवलं. झालं यायचं घासनं."

"राख आनू काय?" मी विचारलं.

मायने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू जावयाला शिळं वाढायला निघाले होते. "राख? जावाई बसनार हाये ह्याच्यात. विटकर आन. चाळलेली आन."

अशी मुंबईच्या साबणाच्या जागी आमच्या घरातली सगळ्यात मोलाची चीज पुढे आली. चिंच भिजवली गेली, बोळे वाटले गेले. त्या सकाळचा खसखस आवाज मला अजून ऐकू येतो. बायका बोनेटवर गोल गोल हात फिरवत होत्या, तोंडं चालू होती. "पाठ घास वो तिची, पाठ!" "गाभन म्हशीवानी हाये बाप्पा, एवढं पोट कायले केलं असन?" "साहेबाले लेकरं लय असतीन." शांताताई दारात उभी राहून पाहत होती, तिला कोणी हात लावू देत नव्हतं. वर गुंडांनी पाणी ओतलं आणि विटांचा तांबडा चिखल वाहून गेला, तेव्हा खालून जी मोटार निघाली ती पाहून सगळ्या दोन पावलं मागे सरल्या. काळीभोर. कौसल्यामावशी दारावर वाकली. "अवो बाप्पा! तोंड दिसून राह्यलं माह्यं," असं म्हणून तिने त्यात पाहून पदर सारखा केला.

ओली असताना कोणतीही काळी वस्तू चांगलीच दिसते. मोटार वाळू लागली तसं आधी छपरावर आणि मग खाली खाली एक पांढुरकी साय धरू लागली. नीट पाहिलं तर त्या सायीत गोल गोल ओरखडे होते, परातीच्या तळाला असतात तसे. मायने पदराने पुसलं. साय तिथेच. पुन्हा पुसलं.

"पानी आन व इंदे," ती मला हळूच म्हणाली. "सुकू देऊ नको."

मग आम्ही मोटार ओली ठेवू लागलो. एका बाजूने पाणी टाकावं तोवर दुसरी बाजू वाळून पांढरी होई. पौषातलं ऊन कोवळं असतं असं म्हणतात. त्या दिवशी नव्हतं. बाबा अर्धी पाळी करून आले तेव्हा आम्ही दोघी तिघी मोटारीभोवती गुंड घेऊन धावत होतो. बाबांनी सायकल भिंतीला लावली. मोटारीजवळ आले. छपरावरून तळहात फिरवला आणि तो उलटा करून पाहिला.

"काय लावलं?"

"जे गुंडाले लावतो थे," माय म्हणाली.

"विटकर?"

"चाळून घेतली होती."

बाबा पायरीवर बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं सगळ्यांच्याच तोंडावर दिसत होतं. तेवढ्यात दौलतमामा आला. त्याने टोपी घातली होती आणि खिशात भाषणाचा कागद होता. मोटार पाहून त्याने टोपी काढली.

"भाऊजी," तो म्हणाला, "आता आपल्याले विचार करा लागन. अशी मोटार बाजारातून नेली तं लोक हसतीन. म्हनतीन, राखेत लोळवून आनली. त्यापरीस नाल्याकडूनही रस्ता आहेच की. तिकडून नेऊ. मोटार तं मोटारच आहे."

"नाल्याकडचा रस्ता मले माहीत आहे, दौलत," बाबा म्हणाले. "माह्या लग्नात मी तिकडूनच आलतो."

मामाने भाषणाचा कागद खिशात आणखी खाली सारला. कौसल्यामावशीने सुचवलं की आता तरी तो साबणाचा डबा उघडावा, त्याने काही चमक येते का पाहावं. बाबांनी मान हलवली. "आता तं बिलकूल नाही. लोकाची मोटार खाल्ली, आता डबाही खाऊ?"

शेवटी उपाय निघाला तो मायच्याच घरातून. तवा पांढरा पडला की ती त्याला जवसाचं तेल चोळी आणि तो पुन्हा काळा होई. तिने कोणाला न विचारता तेलाची बरणी आणली आणि मोटारीच्या दारावर एक हात फिरवला. तो पट्टा कावळ्यासारखा काळा झाला. बाबा उठले. फिटरच्या जातीला तेल लावलेलं लोखंड कधी वाईट दिसत नाही. बरणी संपली, शेजारपाजारच्या बरण्या आल्या, आणि दुपारपर्यंत मोटार अशी चकाकली की मामाने टोपी परत घातली. अंगणभर चटणीचा वास सुटला होता. जवसाचं तेल लवकर वाळत नाही, चिकट राहतं, हे त्या अंगणातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. फक्त तव्याच्या बाबतीत माहीत होतं.

नवरीची धाकटी बहीण म्हणून नवरदेवाला आणायला मी मोटारीत मागे बसले. मामा बाबांच्या शेजारी. नाक्यावर चांद्याचा ट्रक उभा होता. मधुकरराव उतरले. बारीक, चष्मा, आणि अंगात कोट. कोट त्यांच्या भावाचा असावा आणि भाऊ जाड असावा. ते माझ्या शेजारी बसले, काचेवरचा तेलाचा डाग बोटाने पाहिला, बोट हुंगलं आणि कोटाला पुसलं. ट्रकमधली मंडळी मोटारीमागून पायी निघाली. वाद्य नाहीच. नुसता इंजिनाचा आवाज, आणि जिनाच्या रस्त्याला लागल्यावर जिनाचा.

हंगामातली दुपार. गाड्या खाली होत होत्या, वारा होता आणि रुई हवेत धुक्यासारखी तरंगत होती. आधी मला वाटलं माझ्या डोळ्यांवर काही आलं. मग पाहिलं तर बोनेटवर पांढरे ठिपके. ठिपक्यांचे पुंजके झाले, पुंजके एकमेकांना मिळाले. जिनाची भिंत संपेपर्यंत त्या काळ्या मोटारीला पायापासून डोक्यापर्यंत लोकर आली होती. फाट्यावर बाबांनी मोटार थांबवली. खाली उतरून त्यांनी समोरच्या काचेवरचा थर हाताने काढला. तेल आणि रुई मिळून त्यांच्या तळव्याला चिकटली. मामा समोर बघत होता. तो हळूच म्हणाला, "भाऊजी, डावीकडे घ्या." डावीकडे नाला.

बाबांना पंचवीस वर्षांचं शहाणपण आणि एका दिवसाची शरम दोन्ही एकदम खेचत असावं. ते खिडकीशी आले आणि जावयाला म्हणाले, "मोटार अशी झाली, मास्तर. माणसं हसतीन. तुमचं लग्न आहे. तुम्ही म्हनसान तसं करतो. नाल्याकडून घेऊ काय?"

मधुकररावांनी चष्मा पुसला. "जवळचा कोनता पडते?"

"बाजाराचा."

"मंग तिकडूनच घ्या. सकाळपासून काही खाल्लं नाही मी."

या वाक्यात इतिहास कुठेच नव्हता. बाबा परत आपल्या जागेवर बसले आणि त्यांनी मोटार सरळ घेतली.

बाजाराने आम्हाला पाहिलं. आधी कोणाला कळलं नाही की हे काय येतंय. मग कळलं. दुकानदार पायरीवर आले. एक जण म्हणाला, "पौषात लगन, म्हून मोटारीले घोंगडी घातली का बे?" हशा झाला. पोरं मागे धावू लागली, चालत्या मोटारीची रुई उपटू लागली. मामाचे कान लाल झाले होते. मी खाली मान घालून बसले होते, मधुकरराव मात्र खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत होते, मास्तरांची सवय. तेवढ्यात मोटार थांबली आणि हसणंही थांबलं, म्हणून मी वर पाहिलं. गुलाबशेठ गादीवरून उतरून रस्त्याच्या मधोमध उभे होते. हात वर केलेला.

मी त्यांना गादीवरून उतरलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. मामाचा हात दाराच्या कडीवर गेला होता, उतरायला की दार घट्ट धरायला हे सांगता येणार नाही. बाबांनी इंजिन बंद केलं नाही. गुलाबशेठ चालत आले, चष्म्यावरून बाबांकडे पाहिलं, मागे नवरदेवाकडे पाहिलं. मग त्यांची नजर बोनेटवर गेली. त्यांनी एक पुंजका उचलला. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तो हळूहळू ओढला, तुटला तिथे पाहिलं, पुन्हा जुळवून ओढला. आयुष्यभर गाडीगाडीवर उभं राहून ते हेच करत आले होते. धाग्याची लांबी पाहत होते.

"धागा चांगला हाये," ते म्हणाले. "कोन्या जिनाचा?"

बाबांनी आपल्या जिनाचं नाव सांगितलं.

"एवढी रुई हवेत सोडून राह्यले काय साले? मॅनेजर झोपते काय?"

"रुई ओढायचा पंखा खराब आहे, शेठजी," बाबा म्हणाले. "उद्या पाळीवर गेलो का पाहतो."

"पाहा," गुलाबशेठ म्हणाले. पुंजका खिशात टाकून ते बाजूला झाले आणि गादीकडे चालू लागले. ते कशासाठी उतरले होते हे आम्हाला कधीच कळलं नाही. मला वाटतं, अर्ध्या वाटेवर त्यांचं त्यांनाही आठवेनासं झालं. दौलतमामाने पुढे अनेक सभांत सांगितलं की रुईची ती सजावट म्हणजे एक योजना होती आणि तिने बाजार निःशस्त्र झाला. मी त्याला कधी टोकलं नाही. सभेत खरं सांगून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

वस्तीच्या तोंडाशी माय उभी होती. लोकर पांघरलेली मोटार पाहून तिने कपाळावर हात मारला, आणि मग मोटार कोणत्या बाजूने आली हे ध्यानात आल्यावर हात तिथेच राहिला. लग्न साधंच झालं. त्रिसरण, पंचशील, हार, आणि मामाचं भाषण. मधुकररावांनी वांग्याची भाजी तीनदा मागून घेतली, त्यावरून बायकांनी त्यांना पास केलं.

दुसऱ्या दिवशी मोटार परत करायला बाबा निघाले तेव्हा माय त्यांच्या आधी मोटारीत जाऊन बसली. "घासली मी, तं सांगीनही मी," ती म्हणाली. मलाही नेलं, कारण साहेबांची मुंबईची मराठी तिला एकटीला झेपणार नाही अशी तिची समजूत होती. मॅनेजर मोटारीभोवती एक फेरी फिरले. रात्री बाबांनी घासलेटाने रुई आणि तेल काढलं होतं, त्यामुळे खालचे ओरखडे आता कोणापासून लपले नव्हते. बाबांनी डबा आणि पिवळं फडकं त्यांच्या हातात दिलं.

"हा उघडलाच नाही?" मॅनेजर म्हणाले.

"तुमचा होता, साहेब."

"मी विटकर लावली," माय मध्येच म्हणाली. "यायची काही चूक नाही. यायनं नुसतं पानी सांगतलं होतं."

मॅनेजरांनी विटकर म्हणजे काय ते मला विचारलं. मी सांगितलं. चाळून घेतली होती हेही सांगितलं, कारण माय माझा दंड चिमटत होती. त्यांनी छपरावरच्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं. नोकरी जाते की काय हे बाबांच्या मानेच्या शिरेत दिसत होतं. मग मॅनेजर म्हणाले, "परवा माझी बायको मुंबईहून येतेय. ही मोटार तिच्याच माहेरची आहे. तोवर हिला शेडमध्ये ठेवा आणि तिला कोणी काही सांगू नका." त्यानंतर त्यांनी पंख्याची चौकशी केली. गुलाबशेठ त्यांच्याकडे आधीच जाऊन आले होते.

बाबांनी शेडमध्ये मोटारीला नवा काळा रंग दिला. जवळून पाहिलं तर ब्रशचे फटकारे दिसत. मॅनेजरबाईंनी जवळून पाहिलं नसावं, निदान आमच्यापर्यंत काही आलं नाही. मायने विटकर सोडली नाही. तिचं म्हणणं, विटकरीचं काही चुकलं नव्हतं, मोटारच पितळेची नव्हती.

त्याच हंगामात वस्तीत आणखी एक लग्न झालं. नवरदेव राजूरचा, कोळशाच्या खाणीत कामाला. त्याच्या लोकांनी मोटार मागितली नाही, मामाला विचारलं नाही, बाबांना तर कळवलंही नाही. मी सुईदोरा घ्यायला बाजारात गेले होते आणि गुलाबशेठांच्या गादीसमोरच्या दुकानात उभी होते. पाहते तो नवरदेव सायकलवर, गळ्यात हार, मागे त्याचे पाचपंचवीस लोक बोलत, हसत पायी. बाजारातून चालले होते. मी गादीकडे पाहिलं. गुलाबशेठ एका शेतकऱ्याच्या कापसाचा पुंजका ओढून पाहत होते. रस्त्यात कोणाची तरी म्हैस आडवी उभी होती, नवरदेव घंटी वाजवत होता आणि म्हैस काही हलत नव्हती. घंटीचा त्रास झाला असावा. गुलाबशेठ पुंजक्यावरची नजर न काढता हमालावर ओरडले, "अबे, थे म्हैस हाकल ना! पोराले जाऊ दे."